वीतभर सूर्यफूल

“झोपल्या लेकराला सारखं चाचपू नको गं, खुंटतं,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा बॉटनी शिकलेली विद्याश्री खुदकन हसली होती. आज मल्लेश्वरमच्या दवाखान्यात, लसीचा नंबर यायची वाट बघताना, बाबागाडीत झोपलेल्या अभिराजच्या छातीवर तिनं पाचव्यांदा हात ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवराबायकोची जुंपली.

“शेजारच्या सकवारअक्काचं सूर्यफूल गच्चीच्या कठड्याच्या वर गेलं. त्याच बियांचं आपलं वीतभर! पुढल्या महिन्यात गच्चीवरच्या बागांची स्पर्धा. काय करत होता तुम्ही रोपाला?”

“काही नाही गं. रोज सकाळी स्वल्प कुरवाळायचो. वाढलं का बघायचो.”

“तेच नडलं! शेतकी शिकणारा आपला किरण म्हणाला, रोज हात लागला की रोपाला वाटतं, कोणीतरी खायला आलंय. मग आत जास्मोनेट म्हणून रसायन तयार होतं. रोप उंची सोडतं आणि नुसतं बूड जाड करत बसतं.”

“मग तुझं कसं झालं? तुला तर मी हातही लावत नाही.”

“दवाखान्यात आहोत, तोंड सांभाळा! आणि ऐका. उद्यापासून रोज सकवारअक्काच्या गच्चीवर जायचं.”

“कशाला?”

“तिचं रोप कुरवाळायला.”

“अक्कानं बघितलं तर?”

“सांगा, दृष्ट काढतोय.”

“सरी, जातो. बूडही कुरवाळू?”

“रोपाचं!”

विद्याश्रीनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. तुम्ही तिथंच कुठं बसला असाल, तर जरा वाकून बघता का, अभिराजचा श्वास नीट चाललाय ना? हात मात्र लावू नका.