वाटंवरचं मानूस

माझं नाव कस्तुरा, माहेर वळसंगचं, म्हंजी गावातलं न्हवं, गावाभाईर आमचं शेत हाय तितंच आमचं घर, आनि सासर हितं सोलापुरात. माहेरात अर्दं कानडी अर्दं मराठी, आईला आमी अव्वा म्हनायचो, बापाला अप्पा, आनि भाऊ एकच, माझ्यापेक्षा थोरला, त्याला अण्णा. आता तुमी लिव्हून घ्यायला बसलाय म्हून सांगते ताई, न्हायतर आमाला कोन इचारतंय. लोक इचारत्यात ते एकच, तू किरिस्ताव कशी झालीस, आनि इचारताना उत्तर त्यांच्याकडं तयारच असतंय. कुनी म्हनतंय तांदळाची पोती मिळाली, कुनी म्हनतंय पोरांची फी भरली. मी म्हनते व्हय की, लई मिळालं, म्हून तर पहाटंपास्नं भाकरी थापत बसलीय.

आदी अप्पांचं सांगते, त्याच्याबिगार पुढचं कळायचं न्हाय. आमच्याकडं येळवस मोठी असती. तुमी शेरातल्या, म्हून सांगते, मार्गशीर्षातली आवस, त्या दिवशी समदी मानसं शेतात, कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पांडव म्हंजी चुना लावलेलं पाच दगडं, त्यांची पूजा करायची, शेताला फेरी घालत आंबील शिंपायची आनि मंग जेवान. भज्जी, उंडे, खीर, आनि मडक्यातली गार आंबील. वाटंनं जानाऱ्याला हाळी देऊन जेवायला बोलवायचं, ही तर समद्या गावाचीच रीत, पन आमच्या अप्पांचा त्याहून कडक नेम व्हता. वाटंवरचं एक तरी मानूस जेवल्याबिगार घरच्यांनी घास तोंडात घालायचा न्हाय. ल्हानपनी अप्पा दुष्काळात आईबापाबरूबर चालत निगालेले, तवा कुना अनोळख्या मानसानं शेतात बसवून जेवू घातलेलं, तो घास ते जलमभर इसरले न्हायत. आमी पोरं कोपीत बसून भज्जीचा वास घेत वाटंकडं डोळं लावायचो, आनि कुनी सायकलवाला दिसला की अण्णा बांदावर पळत जायचा आनि वरडायचा, ओ पावनं, जेवून जावा! त्याचा आवाज लई मोठा. अजून माझ्या कानात हाय.

लगीन करून हितं आले. मालक यंत्रमागावर व्हते, चादरीच्या कारखान्यात. मानूस वाईट न्हवता, दारू वाईट व्हती. मंग कावीळ झाली आनि पोटात पानी झालं. आमच्या शेजारी रत्नम्माअक्का ऱ्हायची, विनकराच्या घरची, तेलगू बोलायची, आनि ती येशूची. ती रोज सांजच्याला यायची, मालकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, मला मराठीत समजावं म्हून मोडकं मराठी बोलायची, आनि देवबापाला तेलगूत सांगायची. मी आमच्या सिद्धेश्वराला बी नवस बोललेली, दर्ग्यात बी जाऊन आलेली, बुडत्याला काय, काडी बी चालती. अक्का म्हनली प्रभू बरं करील. आनि मालक मेले.

आता हितंच लोकांचं चुकतंय बघा. लोकांना वाटतंय नवरा बरा झाला म्हून ही तिकडं गेली. उलटं हाय. नवरा मेला म्हून गेले. मालकांना न्हेलं, दुसऱ्या दिवशी घरात मी आनि दोन पोरं, आनि मला वाटलं आता अक्का तोंड दाखवायची न्हाय, कसं दाखवंल, तिचा देव हरला की. तर ती आली. परातीत पीठ घेतलं, मळायला बसली, पोरांना घास भरवलं, आनि मंग कोपऱ्यात बसून माझ्याहून जास्त रडली. मी रागानं म्हनलं, अक्का, कुटं हाय तुजा येशू? तर ती म्हनली, तो बी असाच मेला की ग, लोकं क्रुसाखाली उबं राहून हसत व्हती, दुसऱ्याला वाचवलं आनि सोताला वाचवता येईना. मला राग आला, असला कसला देव म्हनलं. पन ते डोक्यातनं जाईना. जिंकनाऱ्या देवाचं मला काय करायचं व्हतं, माझ्या घरात कोन जिंकलं व्हतं? माझ्यावानी हरलेला देव मला जवळचा वाटला. हे चर्चातल्या पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हनले, कस्तुराबाई, माझ्या आख्ख्या उपदेशात एवढं येत न्हाय. ते चेष्टा करत्यात माझी. मानूस चांगला हाय.

तर बाप्तिस्मा घेतला. घेतला तो चोरून न्हवं, मी सोता वळसंगला जाऊन अण्णाला सांगितलं. अप्पा तवा न्हवते, घर अण्णाच्या हातात. त्यानं ऐकून घेतलं, उटला, आनि हापशावर जाऊन कपड्यासकट आंगुळ केली. माझ्या नावानं. तुमाला कळतंय न्हवं, मेलेल्या मानसाच्या नावानं करत्यात तशी. अव्वा दारात बसून ऊर बडवत व्हती, आरं जित्या लेकीच्या नावानं कशी आंगुळ करतोस, आनि वैनी दाराआड उबी. वल्ल्या अंगानं अण्णा म्हनला, आमची कस्तुरा मेली. आजपास्नं तिचं नाव ह्या घरात कुनी घ्यायचं न्हाय. मी आपली पिशवी उचलून यष्टीला आले. यष्टीत एक बाई शेजारी बसलेली, तिनं इचारलं माहेरास्नं आलीस का, पिशवी रिकामीच कशी.

पोरं वाढवायची व्हती म्हून भाकरीचं काम धरलं. कडक भाकरी, आमच्या सोलापूरची, तुमी नेत असाल की. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आनि मंग मंद इस्तवावर ठिवून तिच्यातलं पानी पार काढायचं. मऊ भाकरी दोन दिसांत बुरसती, वाळलेली महिना महिना ऱ्हाती. पाळकसाहेब सांगायचे, जो जीव धरून ठिवतो त्याचा जातो, जो सोडतो त्याला मिळतो. बाकीच्या बायांना कोडं वाटायचं, मला त्यात कोडं दिसलं न्हाय. भाकरीचं तसंच असतंय.

पन बोलनं सोपं असतंय ताई. पंचमीला बायका माहेरी जायच्या, मी तव्यापाशी. ह्या गल्लीत बी सुरवातीला हळदीकुकवाला बोलवायचं बंद झालं. पोरीच्या लग्नाला मामा पायजे असतो, मामाच्या जागी रत्नम्माअक्काचा भाऊ उबा राह्यला. आनि पाळकसाहेब म्हनायचे वैऱ्यावर प्रेम करा. मी म्हनलं, सायेब, वैरी परका असता तर केलं असतं हो, हा तर माझा अण्णा हाय, ह्याच्यावर प्रेम हायच, तेच तर दुखतंय.

एका येळवशीला मला राहवंना. उठले नि यष्टीनं गेले. आमच्या शेताला लागून शिवम्माकाकूचं शेत, मधी एक बांद. तिनं मला वाटंवर बघितलं आनि हाळी दिली, ये ग पोरी, जेवून जा. मी तिच्या कोपीत बसले. तितनं आमची कोप दिसायची, अव्वा दिसायची. अव्वानं मला बघितलं. तिनं तिकडं घास घेतला की मी हिकडं घ्यायचा, असं आमी मायलेकी एका पंक्तीला जेवलो, मधी बांद. अण्णानं बघून न बघितल्यासारकं केलं. मंग दर साली तसंच. शिवम्माकाकू वर्साची वाट बघायची.

अव्वा गेली तवा मला कुनी कळवलं न्हाय. तिसऱ्या दिवशी शिवम्माकाकूच्या लेकाचा फोन आला. तवा मातर मी लई कडू झाले. चर्चात जाऊन बसले आनि देवाला म्हनलं, मला प्रेम करता येत न्हाय, तुला येत असंल तर तू कर. त्याच्याहून मोठी प्रार्थना माझ्याकडं न्हवती. त्या साली येळवशीला गेले न्हाय, त्याच्या पुढल्या साली पन न्हाय.

मागल्या साली गेले. काय मनात आलं कुनास ठाऊक, पीठ मळता मळता उठले. जाऊन बघते तर शिवम्माकाकूचं शेत इकलेलं, पोरानं प्लाट पाडलेले, पांढरे खुंट ठोकलेले. काकू लेकाकडं पुन्याला गेलेली. मला बोलवायला कुनीच न्हाय. परत फिरावं तर यष्टीला येळ. उबी राह्यले वाटंवर, आमच्या बांदापाशी, एका बाबळीखाली.

आता ती वाट पैल्यासारकी राह्यली न्हाय. मोठा रस्ता झालाय तिकडनं, गाड्या तितनं सुसाट जात्यात, आमच्या वाटंला चिटपाखरू येत न्हाय. सूर्य डोक्यावरनं कलला. कोपीत पूजा झालेली, फेरी झालेली, आनि जेवान मातर हाललेलं न्हाय. मी बघते, अण्णाची नातवंडं रडकुंडीला आलेली, वैनी पुन्ना पुन्ना भांड्यावरचं फडकं नीट करतीय, आनि अण्णा कपाळावर हात धरून वाटंकडं बघतोय. पार म्हातारा झालेला. तवा माझ्या डोक्यात आलं, ह्यानं अप्पांचा नेम सोडला न्हाय. वाटंवरचं मानूस जेवल्याबिगार हे जेवनार न्हाईत. आनि वाटंवर मानूस एकच, ते बी मेलेलं.

बराच येळ गेला. मंग तो उठला. हळूहळू बांदावर आला, माझ्याकडं न बघता लांब कुटंतरी बघत उबा राह्यला, आनि त्याच आवाजात, थोडा फाटलेला आवाज, म्हनला, ओ बाई, वाटंवरच्या बाई, जेवून जावा.

मला अण्णानं जलमात कदी अहोजाहो केलं न्हवतं. मी बांद वलांडला. त्यानं सोता पोतं हातरलं, सोता वाढलं. मी डोळं मिटून प्रभूचं आभार मानलं, मोठ्यानं न्हाय, पन ओठ हालले असतील. तो थांबला. माझं झाल्यावर त्यानं आंबील वतली.

मंग परक्या मानसाला इचारत्यात तसं इचारलं, गाव कुटलं म्हनायचं तुमचं?

मी म्हनलं, सोलापूर. माहेर वळसंग.

वळसंगात कुनाच्या?

मी अप्पांचं नाव सांगितलं.

त्यानं भज्जी वाढली. जास्तच वाढली. म्हनला, देवमानूस व्हता तुमचा बाप. आई हाय?

मी म्हनलं, न्हाय. गेली. मला येळंवर कळलं न्हाय, माती बी द्यायला मिळाली न्हाय.

तो खाली बघत पळी मडक्यात फिरवत राह्यला. वैनीनं पदर तोंडाला लावला. मंग म्हनला, ज्यानं कळवलं न्हाय त्याचं चुकलं. लई चुकलं बाई. म्हातारी शेवटाला तुमचंच नाव घेत व्हती.

माझ्या हातातला घास हातात. रडू नगं म्हनायला त्याला यायचं न्हाय, परक्या बाईला कोन म्हनंल, म्हून तो पोरांवर खेकसला, बसा रं जेवायला, बाई जेवल्या न्हवं का. आनि पोरं अशी तुटून पडली जेवनावर, काय सांगू तुमाला.

हितं येऊन चर्चाच्या मंडळीत सांगितलं, मला वाटलं लोक आनंद करतील. एक वडीलधारे म्हनले, पांडवांपुढं ठिवलेलं खाल्लंस? मूर्तीचं खाल्लंस? मी म्हनलं, मी माझ्या भावाचं खाल्लं. एक बाई अजून माझ्या शेजारी बसत न्हाय उपासनेला. म्हंजी बघा, तिकडं मी बाटलेली, हिकडं बी थोडी बाटलेलीच. त्याचं आता काही वाटत न्हाय. आमचा प्रभू बी कुनाच्या बी घरी जेवायचा, म्हून बोलनी खायचा. अण्णा काही किरिस्ताव व्हनार न्हाय, मी काही परत विभूती लावनार न्हाय, आनि तो मला कस्तुरा म्हनंल असं बी न्हाय, आंगुळ केलेली हाय, मानूस शब्दाचा पक्का. लेक म्हून मला त्या शेतात जागा न्हाय. वाटसरू म्हून हाय. तेवढ्यावर देवाला मी नावं ठिवत न्हाय.

ह्या दोन भाकरी असू द्या, घरी न्ह्या, चुरून दुदात टाका, न्हायतर शेंगाच्या चटनीबरूबर खावा. पैसे काढू नका, ठिवा आत. तुमचं लेकरंबाळं सुकी राहू द्यात.

आनि हो, निगताना अण्णा काय म्हनला ते सांगायचं राह्यलंच की. बांदापर्यंत सोडायला आला, पावन्याला सोडत्यात तसा. मी वाटंवर उतरले, आनि तो पाठमोरा व्हऊन म्हनला, पुढल्या साली जरा येळंवर या बाई. तुमी जेवल्याबिगार आमाला जेवता येत न्हाय.