दारावरची कणीक

अबू नाइफच्या बायकोनं नवरी होऊन घरात शिरताना चौकटीवर चिकटवलेला कणकेचा गोळा अजून तिथंच आहे. ती नाही. त्यामुळे जॉर्डनच्या इर्बिद शहरातल्या बेकरीच्या रांगेत मागच्या दोघी बहिणी बोलू लागल्या, तेव्हा तो मागे न वळता ऐकत राहिला.

"ताई, तुझ्या नव्या जावेची, रुवैदाची कणीक चिकटली म्हणे."

"चिकटली. घर धरून राहणारी सून आली, असं सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात."

"आणि तुझी?"

"माझी पायाशी पडली होती. अजून टोमणे ऐकतेय. मळली त्यांनीच होती, खिरीसारखी पातळ. रुवैदासाठी मात्र घट्ट, वर द्राक्षाची पानं खोचलेली."

"जाऊ दे गं. कणीकच ती."

"तुझी चिकटली होती, तू असंच म्हणणार. काल घरात कुणी नाही बघून मी स्टुलावर चढले. सुरी घेऊन."

"काढलीस?"

"दगड झालाय तिचा. निघेना. खाली बघते तर रुवैदा."

"अगं बाई. मग?"

"स्टूल हलत होतं, ते धरून उभी राहिली. मी उतरेपर्यंत."

"चांगली आहे की मग."

"तेच तर. आता त्यातही तीच पुढे."