कृपया स्टिअरिंग हाती घ्या

...आणि परत वर म्हणतात कसे, "तुझा काय संबंध? ती मला सांगतेय!" आता तुम्हीच सांगा, गाडीत माणसं तीन. स्टिअरिंगवर आमचे हे, शेजारी मी, मागं सासूबाई मांडीवर चूर्म्याचा डबा घेऊन. आणि गाडीतली ती बाई, दिसत नाही, पण आवाज इतका गोड की वाटावं आत्ताच कुणाच्या तरी बारशाला जेवून आलीय. ती म्हणते, टुंग! "कृपया स्टिअरिंग हाती घ्या." कुणाचं नाव घेतलं तिनं? भीमराज म्हणाली? नाही! नुसतं घ्या! हळदीकुंकवाला वाण पुढं करताना आपण म्हणतो ना, घ्या हो, घ्या... तसं. म्हणजे जी हात पुढं करील तिनं घ्यावं, बरोबर की नाही?

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल विजयश्री एकदम चूर्म्यावरच येऊन बसली.

मी सोळा सोमवार धरले होते. आमच्या मोशीच्या सोसायटीतल्या कौशल्याबाई विचारून विचारून थकल्या, "कशासाठी गं? लेकीच्या, वर्षालीच्या लग्नासाठी ना?" मी आपली हसायची. संकल्प आधी सांगू नये म्हणतात, फळ अडतं. पण आता काय, व्रत पुरं झालं, तुम्हाला सांगते. मी महादेवाला म्हटलं होतं, "देवा, सोनं नको, नाणं नको, एकदा तरी गाडीचं स्टिअरिंग माझ्या हाती येऊ दे."

हसू नका! लायसन आहे माझ्याकडं! भोसरीला क्लास लावून रीतसर काढलंय, परीक्षेत तो आठ का काय तो आकडा असा गुळगुळीत काढला की साहेब म्हणाले, "मावशी, रांगोळी घालता का घरी?" तेव्हापासून लायसन कुठं? देवघरात! अन्नपूर्णेच्या पाठीमागं! दर खंडेनवमीला मी त्याला हळदकुंकू लावते, कारण हत्यारांची पूजा करायची ना त्या दिवशी... आणि वापरलं नाही म्हणून ते हत्यार नाही असं थोडंच आहे?

आता आमचे हे. माणूस लाखात एक, बरं का! चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहेत. औशाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते, सगळं हातानं उभं केलं. पण गाडी माझ्या हातात द्यायची म्हटली की रोज नवीन कारण. जुनी गाडी होती तेव्हा, "अगं, ही जुनी आहे, कुठंही बंद पडेल." नवी घेतली तर, "अगं, नवी आहे, ओरखडा पडेल." आणि ह्या नव्या गाडीत ते यंत्र निघालं... अ‍ॅडास म्हणतात त्याला. पुढची गाडी थांबली की आपली आपण थांबणार, पट्टा सोडून चालली की आपली आपण वळणार. सासूबाईंच्या जिभेला ते झेपत नाही, त्या म्हणतात 'उदास'. "भीमा, तुझं उदास चालू हाय का रं?" "आई, उदास नाही, अ‍ॅडास!" "त्येच की. उदास."

मग ह्यांना आयतंच कारण मिळालं. "ह्या गाडीला ड्रायव्हरच लागत नाही, मग तुला शिकून करायचंय काय?" मी म्हटलं, "अहो, ड्रायव्हर लागत नाही, तर तुम्ही तिथं बसता कशाला? मागं या, शेंगा सोलू."

पण खरी गंमत सोमवारची! मंगळवार ते रविवार गाडी शहाण्या सुनेसारखी वागायची. आणि सोमवार उजाडला, हे कंपनीला निघाले, इंद्रायणीचा पूल ओलांडला की... टुंग! "चालक-साहाय्य बंद झाले आहे. कृपया स्टिअरिंग हाती घ्या." दर सोमवारी! हे वैतागून सर्व्हिस सेंटरला न्यायचे. तिथला तो टाय लावलेला मुलगा आधी गाडी धुवायला पाठवायचा, मग कॉम्प्युटर लावायचा, आणि म्हणायचा, "सर, सिस्टीम एकदम ओके आहे." हे म्हणायचे, "अहो, पण सोमवारी बंद पडते!" तो म्हणायचा, "सर, सोमवारी तर आम्हालाही यायला नको वाटतं."

मला मात्र आतून कळलं होतं. मी इकडं उपाशीपोटी बेल वाहतेय, आणि तिकडं गाडी म्हणतेय स्टिअरिंग हाती घ्या. सोमवारीच! हा दृष्टांत नाही तर काय आहे? देवानं अजून स्पष्ट काय सांगायचं... व्हॉट्सअ‍ॅप करायचं?

तर आला उद्यापनाचा सोमवार. कणीक, तूप, गूळ घालून चूर्मा केला, त्याचे तीन भाग. आणि ठरलं की दिवेलागणीच्या आत चाकणला चक्रेश्वरापुढं नैवेद्य ठेवायचा. ती वेळ टळली की सोळा सोमवारांवर पाणी! चाकण आहे किती लांब हो आमच्यापासून? पण तुम्ही त्या रस्त्यानं संध्याकाळी गेलात का कधी? पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे कांद्याचे टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, आणि दुचाकीवाले तर असे येतात, खालून, वरून, देव जाणे कुठून! पट्टे आहेत रस्त्याला, नाही असं नाही, पण ते वरच्या विमानांसाठी असावेत.

निघालो. हे खुशीत! गेल्या खेपेला सर्व्हिस सेंटरनं आतलं सॉफ्टवेअरच नवं घातलं होतं, आता सोमवारीही काही होत नाही म्हणे. "आई, आता बघ हं," म्हणाले आणि स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढून वर केले... असे! सासूबाई मागून ओरडल्या, "आरं भीमा, हात लाव की त्याला! वंगाळ दिसायलंय ते!" हे म्हणाले, "आई, ह्या काचेमागं डोळा आहे, कॅमेरा. तो ज्या ब्रॅकेटवर बसलाय ना, तो आमच्या कंपनीत बनतो. मी स्वतः पास करतो." आणि छाती अशी फुगवली, अशी फुगवली...

टुंग!

"चालक-साहाय्य बंद झाले आहे. कृपया स्टिअरिंग हाती घ्या."

आणि पुढं कंटेनर थांबलेला! माझे डोळे त्याच्या लाल दिव्यांएवढे झाले! ह्यांचे हात अजून वरच! मी ओरडले, "अहो, ब्रेक!" ह्यांनी असा ब्रेक मारला की मी पट्ट्यात, सासूबाई माझ्या सीटवर, पण तुम्हाला सांगते, डबा त्यांनी पोटाशी धरला तो सोडला नाही. चूर्म्याचा कण सांडला नाही! गाडी मात्र रस्त्यात तिरकी. कंटेनर आणि आमच्यामध्ये एक पाट ठेवता आला असता, ताट नाही.

मागं हॉर्न सुरू. पों पों पों! हे बटण दाबतायत. एकदा, दोनदा, परत. "आत्ता ऑन होईल. ऑन झाल्याशिवाय हलवायची नाही." आणि ती गोड बाई मधूनमधून, टुंग, "कृपया स्टिअरिंग हाती घ्या." शेजारून कांद्याचा टेम्पो आला, त्यातला दाढीवाला चाचा वाकून म्हणतो, "भाऊ, कांदा सडेल ओ माझा!" ऊन पार उतरलेलं. माझा जीव घड्याळात, सासूबाईंचा डब्यात. शेवटी म्हातारी कडाडली, "आरं, ती बया मगाधरनं घसा कोरडा करून सांगायलीय, हाती घ्या, हाती घ्या! कुनीतरी घ्या की मेल्यांनो!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. आणि तुम्हाला सांगते, तोवर मला हसू येत होतं, ते विरलं. ह्यांचं बोट बटण सोडून भलतीकडंच पडत होतं. पोलादाचे तुकडे तळहातावर घेऊन मिलिमीटर सांगणारा माणूस तो! हळूच म्हणाले, "विजू, मला वाटलं तुम्ही दोघी गेलात... गाडी तुला देत नव्हतो ना, ती ह्याच भीतीनं गं." मी म्हटलं, "अहो, कळतंय मला. पण भीतीला स्टिअरिंग येत नाही. मला येतं. उतरा."

आणि उतरले हो! चाकणच्या भर रस्त्यात आम्ही नवराबायकोनं जागा बदलली. सप्तपदीला सुद्धा इतके लोक बघत नव्हते!

बसले. पदर खोचला. "हर हर महादेव" म्हटलं. डावा पाय क्लच शोधायला लागला, तर ह्या गाडीला क्लचच नाही! मग तो पाय बिचारा नव्या नवरीसारखा कोपऱ्यात गप्प उभा राहिला, आणि उजव्यानं सगळा संसार केला. हळूच ब्रेक सोडला... गाडी सरकली! स्टिअरिंग वळवलं... वळली! तिरकी सरळ झाली! टेम्पोवाल्या चाचानं हात दाखवून वाट दिली, "या मावशी, या या, येऊ द्या... बास!" आणि गाडीतली ती बाई? एक शब्द नाही! चिडीचूप! कारण तिला हवं होतं ते झालं होतं. कुणीतरी हाती घेतलं होतं!

तळेगाव चौकात आलो, तर समोरून ह्यांच्याच कंपनीची बस, गर्दीत अडकलेली, अगदी काचेला काच. अख्खं क्वालिटी डिपार्टमेंट खिडकीत! ह्यांनी तर घरी अर्जंट काम आहे सांगून सुट्टी घेतलेली. हे सीटमध्ये असे खाली, असे खाली सरकले की नुसता भांग दिसत होता. तरी एकानं ओळखलंच, "ओ भीमराज भाऊ! नवीन ड्रायव्हर ठेवला काय? पगार किती देता राव?" सासूबाईंनी मागची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून ठणकावलं, "डायवर न्हाई, सून हाय माझी!" आणि बसमधे टाळ्या! खोटं नाही सांगत, टाळ्या! मीही ऐटीत एक हॉर्न दिला. गरज नव्हती. पण दिला.

दिवेलागणीच्या आत चक्रेश्वर! महादेवापुढं चूर्मा ठेवला, डोळे भरून आले. बाहेर आले, आणि सवयीप्रमाणं गाडीलाही लावावं म्हणून चिमूटभर अंगारा घेऊन काचेवर हात नेला, तर हे एकदम, "थांब! तिथं काय लावतेस?"

"अंगारा."

"रोज लावतेस?"

"रोज नाही हो, दर सोमवारी. सकाळी कुंकू, तुपात कालवून, म्हणजे पटकन जात नाही. आज उद्यापन, म्हणून निघताना परत एकदा, जरा जास्तच."

"तिथंच?"

"मग? कपाळ तेच ना गाडीचं? वर, मधोमध!"

ह्यांनी काचेजवळ वाकून पाहिलं. तुपातलं कुंकू उन्हानं ओघळून बरोबर त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर आलेलं. बोटानं पुसलं, बोट नाकाशी नेलं. मला वाटलं आता सगळं चाकण ऐकणार. तेवढ्यात सासूबाई, "अगं बया! म्हंजी तू दर सोमवारी त्या उदासच्या डोळ्यात कुंकू घालीत व्हतीस व्हय?" आणि ह्यांना जे हसू फुटलं... गाडीला धरून खाली बसले! सर्व्हिसवाले आधी गाडी धुवायचे ना! पुरावाच धुऊन टाकायचे, आणि मग चोर शोधायचे!

आता तुम्ही म्हणाल, "विजयश्रीबाई, म्हणजे दृष्टांत वगैरे काही नव्हता, कुंकू होतं!" अहो, पण कुंकू माझं असलं तरी डोळा कुणी ठेवला तिथं? कपाळावर, मधोमध, तिसरा! तिसरा डोळा कुणाचा असतो? सांगा की! मी काही बोलायची गरज आहे का पुढं?

कुंकू आता मी बॉनेटवर लावते, समजूतदार आहे मी. यंत्र सोमवारी सुद्धा ठणठणीत चालतं. पण स्टिअरिंग माझ्याकडं! हे स्वतः म्हणाले, "तू चालव, हात सरळ आहे तुझा." क्वालिटीवाल्यानं पास केलं म्हणजे बघा! काल आळंदी फाटा, परवा भोसरी, सासूबाईंना देहूला नेऊन आणलं, कौशल्याबाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांनाही एक हॉर्न दिला.

फक्त एक आहे. हे शेजारी बसतात. आणि सोसायटीच्या गेटपासून सुरू, "डावीकडं रिक्षा! लेन, लेन! ब्रेक... अगं ब्रेक! सिग्नल दिसला का? पिवळा झाला! आता हळू... इतकं हळू नको!" गाडीतल्या त्या बाईला बंद करायचं बटण तरी आहे. ह्यांना कुठं शोधू?

म्हणून सांगते हो, संकल्प सोडताना नीट विचार करून शब्द वापरावेत. मी महादेवाकडं स्टिअरिंग मागितलं, त्यानं दिलं, भरभरून दिलं... शेजारची सीट रिकामी मागायची तेवढी राहून गेली!