एका गाडीच्या दोन उंच्या

मोजणारा बदलला की गाडीची उंची बदलते का हो? माझी जुनी मोटार जरा खाली बसावी म्हणून मी तिला हौसेनं आखूड स्प्रिंगा बसवल्या. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं, तर गाडी हवी त्यापेक्षा अर्धा इंच जास्तच खाली. बायकोनं मोजलं, तर बरोबर! दुसऱ्या दिवशी बार्शीला मुलीकडे जायचं होतं. वाटेत गतिरोधकाला तळ घासला तर? जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि मला साधी टेप वाचता येत नाही?

"परत मोजा बघू," ही म्हणाली. मी वाकलो.

"अहो, वाकताना सगळा भार मडगार्डवर टाकलाय की!"

मी हात काढला. माप बरोबर!

"आता मला उठव."

"गाडीला धरून उठा. आता दबली तर दबू दे."