डावीकडे वळलेला मुन्सिफ

नाव : तैयब गरसल्ली. वय : ७१ वर्षे. धंदा : निवृत्त शिक्षक. राहणार : धान्यबाजारामागे, एल जेम.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, गावातल्या रोमन काळच्या खेळांच्या रिंगणाखालच्या भुयारात माझा धाकटा भाऊ मुन्सिफ लहानपणी "तैयब" अशी हाक मारी. ती भिंतींवरून फिरून तीनदा माझ्याकडे येई, शेवटची फार हळू. ती अजून कानात आहे. ठाणे अंमलदार म्हणतात, आजचे सांगा. सांगतो.

मुन्सिफ चाळीस वर्षे समुद्रापार मार्सेयला असतो. परवा आला. त्याला साखरेचा आजार असून दृष्टी अधू आहे. सकाळी म्हणाला, "आज मी पाहुणा. पाहुण्याला दाखवतात तसं गाव दाखव. कविता तेवढ्या नकोत." मी दोनच म्हटल्या.

प्रथम आमचा चुलतभाऊ लामीन याच्या दुकानी गेलो. तो रंगीत दगडांचे तुकडे जोडून चित्रे करतो. जुन्या रोमन घरातली मोराची फरशी आमच्या वडिलांनी दुरुस्त केली होती, ती मुन्सिफला पाहायची होती. माझे गुडघे चालत नाहीत, म्हणून लामीनने त्याला कागदावर रस्ता काढून दिला. मी म्हटले, "जपून जा." तो म्हणाला, "मास्तर, शाळा सुटली आता." दुपारच्या अजानला रिंगणासमोर कॉफीच्या दुकानात भेटायचे ठरले.

अजान झाली. तो आला नाही. त्याची कॉफी गार झाली. रखडत रोमन घरापर्यंत गेलो; तिथला राखणदार म्हणाला, असा कोणी आलाच नाही. मला वाटले, पूर्वीसारखा भुयारात उतरला असेल. खाली जाऊन हाक मारली. तीनदा परत आली. तिन्ही माझ्याच होत्या. पुढचे नीट आठवत नाही. वर आलो तेव्हा पायांत चपला नव्हत्या, असे रिंगणाच्या दारावरचा तिकीटवाला सांगतो.

ठाण्यात आल्यावर अंमलदारांनी लामीनला बोलावून तोच नकाशा पुन्हा काढायला लावला. पाहून म्हणाले, "लामीन, रेल्वे स्टेशन या अंगाला कधी गेलं?" लामीन खालीच बसला. त्यांच्या कामात दगड कागदावर पालथे चिकटवतात, त्यामुळे चित्रातले उजवे कागदावर डावे काढावे लागते. "तैयबभाई, हात आपोआप तसाच चालतो हो," एवढेच तो बोलला.

म्हणजे भाऊ रिंगणापासून उजवीकडे न वळता डावीकडे, जैतुनाच्या बागांकडे गेला. तिथे जमिनीत खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत. त्यांना कठडे नाहीत, तोंडावर गवत माजले आहे. लामीनला घेऊन जीप गेली आहे. अद्याप परतलेली नाही.

भावाचे वर्णन : उंची मध्यम, तपकिरी कोट, जाड चष्मा. वय विचारले असता मी नऊ सांगितले. ते खोडून सहासष्ट लिहिले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करण्यास पेन हाती घेतले असता दारात एक इसम आला. कोट धुळीने माखलेला, चष्म्याची एक काच फुटलेली, मागे एक बागवाला. माझ्याकडे न पाहता तो अंमलदारांना म्हणाला, "साहेब, तक्रार लिहून घ्या. माझा म्हातारा भाऊ हरवलाय. कॉफीच्या दुकानात बसतो म्हणाला होता, तिथं नाही. गुडघे गेलेत त्याचे, पण कविता म्हणत कुठंही चालत सुटतो."