पोत्यातला नाग

रतन : हितं हात घाला, आबा. घाला की! तुमचा नाग काय चावत न्हाय.

गेणबा : हात कशाला घालायचा? दिसतंय उघड्या डोळ्यानं. इळ्यानं फाडलंय. उभं, वरनं खाली, बोकडाचं पोट फाडावं तसं.

रतन : दोनच दिवस न्हवते मी. कळसला बहिणीच्या नातवाचं जावळ हुतं. आता भिंतीभवती फिरून या. पाच भोकं हायत. पाच.

गेणबा : वारा खेळायला बरं.

रतन : आबा!

गेणबा : चुकलं. तोंडाला सवय हाय, डोकं न्हाय म्हणतंय तवर ते बोलून मोकळं हुतं. तू आधी हात धू, रतन. नखात मुरूम गेलाय बघ तुझ्या.

रतन : ऱ्हाऊ द्या माझी नखं. मला एवढंच सांगा, इर्जिक घालायला कुणी सांगितली हुती मला?

गेणबा : म्याच.

रतन : तीस वर्सांत ह्या गावात कुणी नांगरटीलासुदिक इर्जिक घातली न्हाय. ट्रॅक्टर आला आन् बैलांसंगं ती बी गेली. ती बारामतीची पोरगी, प्रगती, येऊन म्हणाली, मावशी, साखरेच्या रिकाम्या पोत्यात मुरूम-माती भरून ठोकली की भिंत उभी ऱ्हाती. शिमिट नको, ईट नको, फकस्त हात पायजेत. मी म्हणलं, हात कुठनं आणू? तवा तुमी म्हणालात, इर्जिक घाल. एक जेवण दे आन् गाव बोलीव.

गेणबा : आन् आलं की गाव! बारा घरं आली. एकानं चाळायचं, एकानं भरायचं, लीलाबाईनं दाभणानं त्वांड शिवायचं, आन् माती ठोकायचा धुमुस माझ्याकडं. अशी ठोकली माती की खालनं पाताळातला माणूस वरडला, "गेणबा, जरा हळू, पोरं निजल्यात."

रतन : त्या दिवशी हसले मी ह्याला.

गेणबा : सगळीच हसली हुती.

रतन : सहा दिवसांत पाच थर झाले. थरावर काटेरी तार, तारेवर पोतं. कमरेला लागली भिंत. दुपारच्याला हुलग्याची शेंगोळी करून घालत हुते मी, पातेलं पुसून खायची माणसं. मग सातव्या दिवशी तुमी सुप्याला बाजाराला गेलात आन् हाटेलात बसलात. काय सांगितलंत तितं?

गेणबा : इनोद केला गं.

रतन : शब्दाला शब्द सांगा.

गेणबा : म्हणलं, तिसऱ्या थरात मुरमाबरुबर नाग भरला गेलाय. लीलाबाई त्वांड शिवत हुती तवा शेपटी भायेर हुती, ती बी तिनं दोन टाक्यांत आत दाबली. आता भिंतीला कान लावला की आतनं फुस्स ऐकू येतंय.

रतन : आन्?

गेणबा : आन् लोक हसलं. त्याच हाटेलात म्या सांगितलं हुतं, मोरगावच्या यष्टीत हरीण चढलं, कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. ते कुणी खरं धरलं न्हाय. मग ह्योच नाग का धरावा?

रतन : हरणाच्या तिकिटानं कुणाचं काय जातं? नाग कोंडला म्हणल्यावर ज्याच्या घरात पोटुशी सून हाय, त्यो भिंतीला हात लावंल का? दुसऱ्या दिवशी एक माणूस आलं न्हाय. शेंगोळ्याचं पातेलं तसंच. दुपार टळल्यावर शेळ्यांम्होरं ओतलं मी.

गेणबा : अगं, म्या घरोघर फिरलो. म्हणलं, खोटं हाय, पायतान घ्या आन् हाणा. तर काय म्हणत्यात? "गेणबा न्हाय म्हणतोय, म्हंजी नाग नक्की हाय." साठ वर्सं खोटं इकलं, गिऱ्हाईक हटलं न्हाय. एकदा खरं घिऊन बसलो तर कुणी दर सुदिक इचारंना.

रतन : तुमचं दुकान बुडलं, माझं घर. प्रगती सांगून गेली हुती, महिन्याच्या आत भिंत लिंपा, न्हायतर ऊन पोत्याचा धागा खातं. दोन महिनं झाले. आता नख लावलं तरी पोतं फाटतंय. आन् तिकडं रणजित रोज दारात येऊन हुबा.

गेणबा : भाऊ हाय तुझा. थांबंल की.

रतन : भाऊ हाय म्हणून तर गोठ्यात ठिवलंय. आता म्हणतोय, "अक्का, दसऱ्याच्या आत गोठा मोकळा कर. जर्शी गाय आणायचीय." गायीला जागा पायजे, आबा. मला न्हाय.

गेणबा : म्हणून तर म्या दुसरी बात सोडली.

रतन : ती बी सांगा. तुमच्या तोंडानं ऐकू द्या.

गेणबा : म्हणलं, नाग कोंडलेला न्हाय, आपल्या पायानं पोत्यात गेलाय.

रतन : नागाला पाय?

गेणबा : तेवढं कुणी इचारलंच न्हाय. म्हणलं, राखणदार हाय त्यो. मुरूम काढला त्या खड्ड्यात रुप्याचं जुनं रुपये हुतं, ते मुरमाबरुबर पोत्यात गेलं, आन् त्यो त्यांच्यामागं गेला. जो ही भिंत पुरी करंल, घराला छप्पर चढवंल, त्यालाच त्यो वाट दील. एकेकाला बाजूला घिऊन सांगितलं, "तुला एकट्यालाच सांगतो." आन् हरेकाला निराळी जागा दिली. म्हणलं, लोभानं का हुईना, हात तर लागतील.

रतन : लागले की हात.

गेणबा : भिंत पुरी करायची अट हुती गं! अट कुणी ऐकलीच न्हाय. जागा तेवढी ऐकली.

[झुंबर शेळ्या हाकत येतो.]

झुंबर : राम राम आबा. रतनबाय, कवा आलीस? अरारारा! ह्ये काय म्हनायचं? देवा रे देवा. गरिबाच्या घरावर का उठत्यात लोकं?

गेणबा : झुंबर, तुला म्या चुलीचा कोपरा सांगितला हुता. चौथा थर.

झुंबर : कसला कोपरा?

गेणबा : तुला सोडून दुसऱ्या कुणाला त्यो सांगितला न्हवता. बघ, नेमका तितंच फाटलाय.

झुंबर : उंदरानं फाडलं आसंल.

रतन : उंदरानं इळा कुणाकडनं मागून आणला, झुंबरभाऊ?

झुंबर : आता... म्या नुसता हात घातला. आदीच जरासं फाटलेलं हुतं. म्हंजी इळा लागला, पन जरासाच. आन् मलाच का बोलता? लीलाबाय माज्या आदी खिडकीपाशी हुती.

रतन : लीलाबाई? तिनंच शिवलीत ही पोती.

झुंबर : तिनं फाडलं न्हाय, हां. खोटं कशाला बोलू? टाका उसवत हुती बिचारी. म्हनली, परत शिवून ठिवीन. पन वरच्या पोत्याचं वजन आलं, समदी माती भायेर आली, मग ती घरी गेली.

रतन : म्हंजी सगळे मिळून आलात?

झुंबर : न्हाय, न्हाय! ज्यो त्यो एकटाच आला. हितं गाठी पडल्या. आदी कुणी कुणाकडं बघंना. मग तात्याबा म्हनला, आता आलोच हाय तर एकमेकाला हात देऊ. वरचं पोतं एकट्याला उचलत न्हाय, बगा.

गेणबा : म्हंजी इर्जिकच झाली की!

रतन : जेवण तेवढं माझं न्हवतं.

झुंबर : तसं म्हनू नगंस, रतनबाय.

रतन : तुमच्या घराच्या भिंती चढवताना दोन दिवस वाळू वाहिली हुती मी. डोक्यावर.

झुंबर : ध्यानात हाय की. म्हनून तर जरासंच फाडलं. ...ह्या शेळ्या पार माळाला लागल्या, बगा. येतो म्या.

रतन : या.

गेणबा : पळाला. बरं, हिशेब लाव. चुलीचा कोपरा झुंबरचा. खिडकी लीलाबाईची. उत्तरंची बाजू तात्याबाची. न्हाणीकडचं...

रतन : का थांबलात? न्हाणीकडचं कुणाचं?

गेणबा : सोड ना.

रतन : आबा.

गेणबा : रणजितचं.

रतन : माझ्या भावाचं.

गेणबा : म्हणलं, त्याच्याकडं ट्रॅक्टर हाय, माती व्हायची डंपिंग ट्रॉली हाय. त्यो कामाला लागला तर आठ दिवसांत घर उभं ऱ्हाईल. म्हणून त्याला बी सांगितलं.

रतन : त्याच्या पोत्यातलं सगळंच उपसलंय. फावड्यानं. बाकीच्यांनी निदान हातानं तरी उकरलं.

गेणबा : मला मार, रतन. खरंच. पायतान काढ.

रतन : पायतानानं भिंत उभी ऱ्हाती का?

गेणबा : म्या एकटा ठोकतो. धुमुस हाय अजून माझ्याकडं. हात म्हातारं झाल्यात, पण माती काय ओळखत न्हाय कुणाचं हात हायत ते.

रतन : बारा घरांचं काम हाय, आबा. आन् पोती कुजल्यात.

गेणबा : ...थांब. चार झाली. मग ह्ये पाचवं कुणाचं? उंबऱ्याचं?

रतन : तुमीच आठवा. कुणाला सांगितलं हुतं?

गेणबा : कुणालाच न्हाय! आईशप्पत. उंबरा म्हंजी लक्ष्मीची वाट. तितं खोटं बोलायला माझी बी जीभ रेटली न्हाय. उंबऱ्याचं म्या त्वांडातनं काढलंच न्हाय, मग ह्यो पाचवा चोर कोण?

रतन : चौघांना तुमी चार जागा सांगितल्या. चारी खोट्या निघाल्या.

गेणबा : व्हय.

रतन : मग जी कुणालाच सांगितली न्हाय, ती खरी असंल, असं वाटलं.

गेणबा : कुणाला?

रतन : सकाळी यष्टीतनं उतरले. चार भोकं बघितली, चारीत हात घालून बघितला. जावळाच्या लाडवाची पिशवी खांद्यावरनं खाली सुदिक ठिवली न्हाय मी. झुडपात ठिवलेला माझा इळा काढला आन्...

गेणबा : रतन. अगं, तुला तर ठावं हुतं. तुझ्यासमोर कबूल केलं हुतं म्या, समदं खोटं हाय म्हणून.

रतन : गाव म्हणतंय तेच म्हणलं मी बी. गेणबा न्हाय म्हणतोय, म्हंजी असंल.

गेणबा : ...काय निघालं?

रतन : मुरूम. माझ्याच हातानं चाळलेला.