उजव्या खांद्याचं शुद्धिपत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मासिकाचे संपादक, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला कुणाचंच मन होत नाही त्या आपल्या ताई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान, आणि भाषणं ऐकतानाही ज्यांच्या हातातल्या सुया थांबलेल्या नाहीत अशा वाचक भगिनींनो आणि मोजक्या बंधूंनो,

मी या मासिकाचा मुद्रितशोधक. छपाईआधी मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम, म्हणून ताई मला 'शुद्धोबा' म्हणतात. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आता सांगा, ज्यांची एक बाही विणून व्हायला चार दिवस लागतात, त्यांच्याबद्दल पाच मिनिटांत काय बोलणार?

छत्तीस वर्षं दर महिन्याला विणकामाचा नवा नमुना रचायचा, चौकटीच्या कागदावर एकेक टाका मांडायचा, हे काम किती अवघड आहे ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ताईंचं कौतुकही पोटभर झालं. मी आपला तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार अशी, की ताई माणसाचा चेहरा बघत नाहीत, स्वेटर बघतात. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांना नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी माझ्या स्वेटरची कड उलटी करून आतली बाजू तपासली.

"कुणी विणलाय?"

"आईनं."

"हात छान आहे. आईला सांग, गळा चार ओळी आधी काढायला घ्यायचा. पोरगं गुदमरतंय."

मी भाबडेपणानं घरी निरोप पोचवला. पंधरा दिवस आमच्या घरात ताईंचं नाव काढायची सोय नव्हती. पुढचा स्वेटर मात्र गळ्यात नीट बसला. कसा, ते मी आईला विचारलं नाही.

दुसरी तक्रार यजमानांच्या वतीनं, कारण ते स्वतः कधी करणार नाहीत. हे गृहस्थ पेशानं इंजिनिअर. नमुना लिहून झाला, की ताई कागद आणि सुया त्यांच्या हातात देतात. मी एकदा विचारलं, त्यांनाच का? म्हणाल्या, "ज्याला येतं तो चुकलेलं मनानंच सुधारून घेतो. ह्यांना काही येत नाही, त्यामुळे लिहिलंय तेवढंच विणतात." म्हणजे तुम्ही विणलेला प्रत्येक नमुना आधी या सद्गृहस्थांनी मुकाट्यानं विणलेला आहे. बंधूंनो, तुमच्यापैकी किती जण असं करतील? राहू द्या, हात वर करू नका, शेजारी घरची मंडळी बसली आहेत.

तिसरी तक्रार माझ्याविरुद्ध आहे. ती ऐकून घ्यावी.

एकोणीस वर्षांपूर्वी मी नवा होतो, तीन महिन्यांच्या बोलीवर. हिवाळी अंकात ताईंचा बिनबाह्यांचा स्वेटर होता. सुलट टाका कुठला आणि उलट कुठला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मजकूर तपासताना दिसलं, की एक अख्खा परिच्छेद दोनदा आलाय. तेच टाके, त्याच ओळी! मला वाटलं, टाइप करणाऱ्याला डुलकी लागली असेल. मी लाल पेनानं दुसरा परिच्छेद उडवला आणि स्वतःवर जाम खूश झालो. दोन्हींत फरक होता तो फक्त पहिल्या शब्दाचा. पहिला परिच्छेद डाव्या खांद्याचा होता. मी उडवला तो उजव्याचा.

अंक गेला आणि पत्रांचा पाऊस पडला. "आमच्या ह्यांचा दुसरा खांदा कोणत्या पानावर आहे?" एका आजींनी लिहिलं, "नातवाला तसाच घालून पाहिला. नाटकातला राक्षस दिसतो." हसा, हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं. संपादकांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "लिहिताना माझ्याकडूनच राहून गेलं." पुढच्या अंकात त्यांच्या नावानं दिलगिरी छापून आली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "शुद्धोबा, उद्यापासून डबा खाऊन झाला की माझ्याकडे यायचं. सुया मी आणते."

त्या वर्षी ताईंच्या निवडक नमुन्यांचं पुस्तक निघायचं होतं. एवढी मोठी चूक झाली, तेव्हा जरा थांबू, असं ठरलं. ते थांबणं आजपर्यंत चाललंय. मी गप्प राहिलो. आधी नोकरीच्या भीतीनं, मग लाजेनं, आणि पुढे पुढे, खरं सांगतो, सवयीनं.

ताई, डोळे वटारू नका. मी खाली बसणार नाही. आणि अध्यक्षमहाराज, माझ्यावर विश्वास बसत नसेल तर यजमानांकडे बघा. अंक निघण्याआधीच त्यांनी तो स्वेटर विणला होता. आज अंगात घालून आलेत. खांदे मोजून घ्या.

संयोजकांचे आभार, आणि पाच मिनिटांची बारा झाली तरी घंटा न वाजवणाऱ्या सूत्रसंचालकांचे विशेष आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. पण ताई, तुम्हाला मी तसं म्हणणार नाही. तुम्ही एकोणीस वर्षं तेच करत आलात. तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागतो.

अध्यक्षमहाराज, पुढच्या अंकासाठी हे शुद्धिपत्र लिहून आणलंय: 'एकोणीस वर्षांपूर्वीच्या हिवाळी अंकातल्या स्वेटरचा उजवा खांदा लेखिकेनं बरोबर लिहिला होता. तो मुद्रितशोधकानं खोडला. लेखिकेची काहीही चूक नव्हती.' पुस्तक काढायचं मनात आलं, तर त्याच्या पहिल्या पानावरही हे चालेल. मजकूर मी तीनदा तपासला आहे. म्हणूनच म्हणतो, छापण्याआधी तो एकदा ताईंना दाखवून घ्या.